गल्ल्यातला पेनड्राइव्ह आणि नाग नदीचं पाणी

२३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट. घरोघरी गणपती बसलेले होते. नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदी काठ सोडून अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरली. बर्डीतलं मोरभवन बसस्थानक पाण्यात गेलं. नदीकाठच्या वस्तीत तळमजल्यावरच्या दुकानांची शटरं उघडली तेव्हा आत चिखल होता.

भिजलेला माल डोळ्यांना दिसतो, त्याचा पंचनामाही होतो. टेबलाखालचा सीपीयू मात्र पंचनाम्यात ‘एक नग’ म्हणून लागतो. त्याच्या आतली उधारी, येणी, पाच वर्षांची बिलं यांची किंमत कोण लावणार? त्यात टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर, म्हणजे जेमतेम आठवडा उरलेला.

नागपुरात कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा, “बॅकअप घेता का?” उत्तर ठरलेलं असतं : “घेतो ना जी, रोज घेतो.” “ठेवता कुठे?” “हा काय, गल्ल्यात.”

ऑफसाइट बॅकअप म्हणजे धंद्याच्या डेटाची एक प्रत जागेपासून दूर ठेवणं. क्लाउड बॅकअपमध्ये हे दूरचं ठिकाण म्हणजे दुसऱ्या शहरातलं डेटा सेंटर, आणि प्रत तिथे इंटरनेटवरून आपोआप जाते. शून्य मैलाचा दगड आपल्याच गावात असल्याने अंतराची भाषा नागपूरकरांना नवी नाही. पण बॅकअपचं अंतर नुसतं किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. मूळ डेटा ज्या संकटात बुडेल त्याच संकटात प्रतही बुडणार असेल, तर ती प्रत जवळच आहे, मग ती कुठेही असो. खालचे बहुतेक गैरसमज या अंतराच्या हिशेबातल्याच चुका आहेत.

गैरसमज १ : रोज पेनड्राइव्हवर कॉपी घेतो, शिवाय सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत. आणखी काय पाहिजे?

वस्तुस्थिती : सर्व्हरमधल्या दोन डिस्कवर तोच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. एक डिस्क बंद पडली तर दुसरीवर काम चालू राहतं, एवढाच तिचा उपयोग. मुनीमजींनी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली चालू वर्षाची कंपनी, म्हणजे सगळा हिशेब, चुकून डिलीट केली, तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. गल्ल्यातल्या पेनड्राइव्हचं म्हणाल, तर आग, पूर आणि चोर हे तिघेही टेबल आणि गल्ला असा भेद करत नाहीत. चोर तर गल्लाच आधी उघडतो.

मोठ्यांचंही असंच होतं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली जिथे साठवल्या जात, त्या ‘जी-ड्राइव्ह’मधला ८५८ टेराबाइट डेटा गेला. बाहेर त्याची प्रतच नव्हती. डेटा फार मोठा आहे म्हणून ती ठेवली नव्हती.

यासाठी जगभर मानला जाणारा साधा नियम ३-२-१ असा आहे. डेटाच्या एकूण तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक जागेबाहेर. गल्ल्यातला पेनड्राइव्ह या हिशेबात दुसरी प्रत ठरतो, तिसरी बाकीच राहते.

गैरसमज २ : आमचं फोल्डर ड्राइव्हवर सिंक होतं, म्हणजे क्लाउड बॅकअप आहेच.

वस्तुस्थिती : सिंक म्हणजे आरसा. इथे फाइल बदलली की तिथे बदलते, इथे पुसली की तिथेही पुसली जाते. इथे व्हायरसने खराब केली, तर खराब झालेली फाइलच तत्परतेने वर चढते. कचरापेटीची सोय असते, पण तिला मुदत असते. गुगल ड्राइव्हमध्ये पुसलेली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. मार्चमध्ये उडालेलं खातं सप्टेंबरात ऑडिटच्या वेळी लक्षात आलं, तर हाती काहीच लागत नाही.

बॅकअपला काळातलंही अंतर लागतं : कालची प्रत, मागच्या आठवड्याची, मागच्या महिन्याची, मागच्या मार्चअखेरची. जुन्या प्रती किती दिवस राहतील, हे सेवा घेताना विचारून घ्यायलाच हवं.

सिंकचा महागडा धडा मर्स्क या जहाज कंपनीला मिळाला. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने तिची यंत्रणा जगभर बंद पाडली. आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात कंपनी चालवत असलेलं टर्मिनलही अडकलं. कर्मचाऱ्यांची आणि संगणकांची ओळख पटवणारे कंपनीचे जवळपास दीडशे सर्व्हर एकमेकांशी सिंक होत असत. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब होता. सगळे एकदमच गेले. वाचला तो एकटा घाना देशातला. तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता. तिथलं इंटरनेट इतकं हळू की डेटा पाठवता येईना. शेवटी घानातला कर्मचारी डिस्क घेऊन विमानाने नायजेरियात गेला आणि तिथून ती दुसऱ्याच्या हातून इंग्लंडला पोचली. लोडशेडिंगने एवढं भलं क्वचितच कुणाचं केलं असेल. त्यातला मुद्दा मात्र पक्का आहे : एक तरी प्रत तारेपासून तुटलेली हवी.

गैरसमज ३ : एकदा क्लाउडवर टाकलं की सांभाळणं त्या कंपनीचं काम.

वस्तुस्थिती : क्लाउड म्हणजे ढग नव्हे, कुणाच्या तरी इमारतीतली यंत्रं. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं पाचमजली डेटा सेंटर जळून खाक झालं. पैसे मोजून बॅकअप घेतलेल्या काही ग्राहकांच्या प्रतीही त्याच इमारतीत होत्या. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये भरपाईचे आदेश झाले. भरपाईत पैसे मिळतात, डेटा मिळत नाही.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गुगल क्लाउडवरची यंत्रणा गुगलच्याच एका सेटिंगच्या चुकीने पुसली गेली. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, पण खातं एकच, म्हणून दोन्ही गेल्या. फंड वाचला, कारण त्याने आणखी एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती.

म्हणून दोन प्रश्न विचारावेत : प्रत नेमकी कोणत्या शहरात राहील, आणि ते खातं बंद पडलं तर ती दुसरीकडे कुठे सापडेल? भारतात मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई, दिल्ली इथे मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं आहेत. नागपूरपासून ती सगळी शेकडो किलोमीटर दूर. नाग नदीचं पाणी तिथवर जात नाही.

इथे कायद्याचाही संबंध येतो. कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्याचे हिशेब संगणकावर असतील, तर त्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर हवा आणि, ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर, रोज घेतलेला हवा. एकट्या मालकीच्या दुकानाला हा नियम लागू नाही. पण जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचं बंधन नोंदणीकृत व्यापाऱ्याला आहेच.

गैरसमज ४ : आमच्या लहानशा दुकानात हॅकर कशाला येईल?

वस्तुस्थिती : तो दुकान बघून येतच नाही. ‘बिल थकलं आहे’ अशा ई-मेलसोबतची फाइल लाखो जणांना जाते. जो उघडेल तो सापडतो. रॅन्समवेअर फायलींना कुलूप लावतं आणि किल्लीसाठी खंडणी मागतं. जोडलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क, नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर, जिथवर त्या संगणकाचा हात पोचतो तिथवर ते जातं. बॅकअपची डिस्क रात्रंदिवस यूएसबीला लावून ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच टांगून ठेवणं.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर असा हल्ला झाला. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि जवळपास दोन आठवडे रुग्णांची नोंद कागदावर करावी लागली. ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या यंत्रणेचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. जुलै २०२४ अखेरीस सी-एज या तंत्रसेवा कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांना, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांना, पेमेंट यंत्रणेपासून काही काळ तोडावं लागलं. लहान असल्याने त्यांना सूट मिळाली नाही.

यावर उपाय असा की क्लाउडवरची प्रत ठरावीक दिवस कुणालाच पुसता किंवा बदलता येणार नाही, अगदी मालकालाही नाही, अशी सोय असलेली सेवा घ्यावी. तिचा पासवर्ड दुकानातल्या संगणकाच्या पासवर्डहून वेगळा ठेवावा आणि मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय खातं उघडू नये. मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवरचा पासवर्ड हे शून्य मैलाचं अंतर झालं.

गैरसमज ५ : आमचं नेट एवढं चालत नाही. रोज सगळा डेटा वर जाणार कसा?

वस्तुस्थिती : रोज सगळा जातच नाही. पहिल्यांदा पूर्ण प्रत जाते, नंतर फक्त बदललेला भाग. हिशेब करून पाहा. ५०० जीबी डेटा ५० एमबीपीएस अपलोडने चढवायला साधारण २२ तास लागतात. शनिवारी संध्याकाळी लावला तर रविवारी संध्याकाळपर्यंत होतो. पुढे रोजच्या टॅली एंट्र्या आणि बिलं म्हणजे बहुधा काही एमबी. दुकान बंद झाल्यावर ते मिनिटांत उरकतं.

खरी अडचण उलट दिशेला आहे. दोन टीबी डेटा १०० एमबीपीएसने खाली आणायला ४४ तास लागतात. तेवढा वेळ दुकान थांबू शकतं का? म्हणून सेवा घेण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. किती तासांच्या एंट्र्या पुन्हा मारायची तयारी आहे? आणि किती तास काम बंद राहिलेलं चालेल? धंतोलीतल्या इस्पितळाचं उत्तर वेगळं, इतवारीतल्या किराण्याच्या ठोक व्यापाऱ्याचं वेगळं. रोज एक बॅकअप पुरेल की दर तासाला हवा, जवळही एक ताजी प्रत ठेवायची का, हे त्यावरून ठरतं, खर्चही त्यावरच.

गैरसमज ६ : डेटा उडाला तर रिकव्हरीवाला काढून देतोच.

वस्तुस्थिती : कधी देतो, कधी नाही. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं जातं, पानं काही काळ तशीच राहतात. त्यांवर नवं लिहिलं जाण्याआधी थांबलात तर ती वाचता येतात. नव्या पद्धतीच्या एसएसडीत मात्र ‘ही जागा आता रिकामी’ असा निरोप संगणक लगेच देतो आणि एसएसडी ती पानं स्वतःच साफ करून टाकते. तिथे कुशल माणूसही हात टेकतो.

डिस्क पाण्यात भिजली असेल तर बरंच नुकसान नंतर आपणच करतो. “चालू होते का बघू” म्हणून प्लग लावला जातो. फिरती तबकडी आणि तिच्यावरचं वाचणारं टोक यांच्यात काही नॅनोमीटरची फट असते. मातीच्या एका कणाने तबकडी खरवडून निघते. म्हणून वीज जोडू नका, स्क्रू उघडू नका, हेअर ड्रायर किंवा तांदळाचा डबा नको. वाळलेला चिखल आत घट्ट बसतो. डिस्क आहे तशी ओलसर, बंद पिशवीत घालून जाणकाराकडे न्या. तो ती धूळमुक्त खोलीत उघडतो. खर्च मोठा आणि खात्री कसलीच नाही. रिकव्हरी हा बॅकअप नसलेल्याचा शेवटचा नवस आहे.

गैरसमज ७ : स्क्रीनवर हिरवी खूण येते, म्हणजे बॅकअप होतोय.

वस्तुस्थिती : सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांसाठीच सेवा चालवणाऱ्या गिटलॅब कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. मग कळलं की पाचांपैकी एकही पद्धत भरवशाची नव्हती. रोजचा बॅकअप कधीचाच फसत होता, आणि तो फसल्याचे ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. एकाने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेली प्रत होती, तिने वाचवलं.

बॅकअप कळतो तो परत आणून पाहिल्यावरच. आणि किल्ली कुणाकडे आहे हेही तेव्हाच कळतं. क्लाउडवरची प्रत गुप्तभाषेत असेल आणि तिचा पासवर्ड एकट्या अकाउंटंटला ठाऊक असेल, तर तो नोकरी सोडून गेल्यावर ती प्रत पुण्यात असली काय आणि मंगळावर असली काय, सारखंच. पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफ्यात बंद करून, घरच्या कपाटात ठेवा. एवढी जुनी पद्धत अजून चालते.

लक्ष्मीपूजनाला आता वहीच्या शेजारी लॅपटॉपलाही हळदकुंकू लागतं. त्याआधीच्या एखाद्या रविवारी दुकानात न जाता घरीच बसा. दुसऱ्या संगणकावर, फक्त क्लाउडवरच्या प्रतीवरून, मागच्या वर्षीच्या मार्चमधलं एका गिऱ्हाइकाचं खातं उघडा आणि छापील उताऱ्याशी ताडून पाहा. बाकी जुळली, तर तुमच्याकडे बॅकअप आहे.