करार दिल्लीत, डीपी साखऱ्यात

स्वच्छ ऊर्जेचे करार पॅरिसला होतात, हॅनोव्हरला होतात, दिल्लीत तर होतातच. त्यातलं हाती काय लागलं, हे बघायचं तर हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावाच्या शिवारात जावं आणि डीपीजवळ, म्हणजे विजेच्या रोहित्राजवळ, उभं राहावं.

सुरुवात कागदावर झाली. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. एप्रिल २००६ मध्ये हॅनोव्हरला मनमोहन सिंग आणि अँजेला मर्केल यांच्या भेटीत भारत-जर्मनी ऊर्जा मंच ठरला. त्याच वर्षी शहरातल्या फ्रिजवर वीजबचतीचे तारे झळकू लागले. मराठवाड्यात तेव्हा भारनियमन असं होतं, की वीज वाचवायला आधी ती यायला हवी होती!

पुढे २००९ ची बचत लॅम्प योजना. क्योटो करारातल्या स्वच्छ विकास यंत्रणेवर ती बेतलेली होती. ग्राहकाला सीएफएल १५ रुपयांत द्यायचा आणि उरलेली किंमत कार्बन क्रेडिट विकून काढायची. कल्पना सुरेख, पण क्रेडिटचे भाव कोसळले आणि योजना थंडावली. बल्बचा प्रश्न सोडवला तो घाऊक खरेदीने. २०१५ मध्ये उजाला योजना आली, आणि सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी दोन-तीन वर्षांतच ३८ रुपयांवर उतरला. जर्मनी आणि फ्रान्सच्या विकास बँकांनी खरेदी करणाऱ्या ईईएसएल या सरकारी कंपनीला कर्जं दिली, हेही खरं. पण भाव पाडला तो मोठ्या मागणीने.

जर्मन पैसा महाराष्ट्रात दिसला तो धुळे जिल्ह्यात. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मिती या राज्याच्या वीज कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प केएफडब्ल्यू या जर्मन विकास बँकेच्या कर्जातून उभा राहिला, २०१३ मध्ये. वीज ग्रीडमध्ये गेली. हिंगोलीच्या शेतकऱ्याची रात्रपाळी तशीच राहिली.

रब्बीत हरभऱ्याला, हळदीला पाणी द्यायचं आणि थ्री फेज रात्रीची. थंडीत, विंचूकाट्यात उठायचं कोणी? म्हणून मोटरीला ऑटो स्विच. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, दाब पडतो, डीपी जळते, आणि ऐन पाण्याच्या पाळीत पीक वाळतं. मोटरीला कपॅसिटर बसवला तर भार बराच हलका होतो. पण बसवतो कोण? बिल अश्वशक्तीवर ठरायचं, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत ते माफच आहे. वाचवलेलं युनिट शेतकऱ्याच्या खिशात पडत नाही. बल्ब घरोघर गेला, मोटर मात्र जुनीच राहिली, याचं कारण मला तरी हेच दिसतं. मंगळवेढा-पंढरपूर भागात जुने पंप बदलून कार्यक्षम पंप बसवण्याचा प्रयोग झाला होता; तो राज्यभर पसरला नाही.

३० नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये भारत-फ्रान्सने आंतरराष्ट्रीय सौर आघाडी जाहीर केली. शेतीला दिवसा वीज देणाऱ्या सौर फीडरची कल्पना राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून हाती घेतली. २०२३ मध्ये ती नव्याने आखली गेली, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये जमीनभाडं ठरलं आणि उपकेंद्राजवळच्या जागा शोधल्या जाऊ लागल्या. पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॅटचा. इतक्या करारांनंतर शेतकऱ्याची रात्र वाचवणारं काही आलं असेल, तर ते हे.

दिवसा वीज आली म्हणून जुनी मोटर कमी खात नाही, आणि बोअरचं पाणीही वाढत नाही. २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत ऊर्जा कार्यक्षमतेचा वेग दुप्पट करायचं जगाने ठरवलं. राज्याला ते खरंच करायचं असेल, तर माफ केलेल्या बिलासोबत प्रत्येक मोटरीला कपॅसिटर आणि जुन्या मोटरीच्या बदल्यात पंचतारांकित मोटर द्यावी.