स्काऊट-गाईड चळवळ कोणत्या कायद्यावर उभी आहे?

शाळेत एनसीसी आणि स्काऊट यांची नावं आपण एका दमात घेतो. दोन्हीकडे गणवेश, कवायत, शिबिरं. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एनसीसी 1948 च्या स्वतंत्र कायद्याने उभी राहिली आणि संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. भारत स्काऊट्स आणि गाईड्ससाठी संसदेने असा कायदा केलेला नाही. ती 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली स्वयंसेवी संस्था आहे. गावचं वाचनालय किंवा महिला मंडळ ज्या कायद्याने नोंदवतात, तोच हा कायदा.

एक संस्था कशी झाली

स्वातंत्र्याआधी या चळवळीला अनेक फाटे होते. सुरुवातीच्या पथकांत भारतीय मुलांना प्रवेशच नसे. म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत आपापल्या संघटना काढल्या. पुढे मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना 7 नोव्हेंबर 1950 रोजी मुलांच्या संघटना एकत्र आल्या आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गर्ल गाईड्सही त्यांत सामील झाल्या. हे विलीनीकरण वाटाघाटींनी झालं, कायद्याच्या सक्तीने नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

इतर देशांनी वेगळे रस्ते धरले. ब्रिटनमध्ये 1912 साली राजाने सनद दिली, तर अमेरिकेत 1916 साली खुद्द काँग्रेसने कायदा करून सनद दिली.

1860 चा कायदा काय मागतो

किमान सात जण, उद्देशपत्र आणि नियमावली एवढ्यावर नोंदणी होते. त्यानंतर दरवर्षी पदाधिकाऱ्यांची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. खरी मेख आहे ती उद्देश बदलण्यात. त्यासाठी खास सभा बोलवायची, सभासदांना दहा दिवस आधी प्रस्ताव कळवायचा, तीन-पंचमांश मतं मिळवायची आणि महिनाभराच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तेवढ्याच बहुमताने तो पुन्हा मंजूर करून घ्यायचा. एखाद्या गटाने रातोरात संस्थेचं रूप पालटावं, याला इथे आडकाठी आहे. संस्था विसर्जित झाली, तर उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाते.

महाराष्ट्रात सेवाभावी उद्देशाच्या अशा संस्थांना सार्वजनिक न्यास कायदाही लागू होतो आणि त्यांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या नजरेखाली येतात.

केंद्राचं युवक कल्याण व क्रीडा मंत्रालय संस्थेला मान्यता देतं, अनुदानही देतं. राष्ट्रपती तिचे आश्रयदाते असतात. पण मान्यता आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेची राष्ट्रीय परिषद आणि कार्यकारिणी तिच्या स्वतःच्या घटनेप्रमाणे चालते.

आतले नियम

उद्दिष्टं, धोरण, नियम आणि संघटन यांचा संस्थेचा स्वतःचा ग्रंथ आहे. एका भागात कारभार, एकात स्काऊट विभाग, एकात गाईड विभाग. पथक कसं चालवायचं, शिक्षकाला कोणतं प्रशिक्षण हवं, कोणता बिल्ला कशाने मिळतो, हे सगळं त्यात सापडतं.

मुलांसाठीचे नियम नऊच. स्काऊट विश्वसनीय असतो, निष्ठावान असतो, सर्वांचा मित्र असतो, अशी ती वाक्यं. ‘करू नका’ कुठेच नाही. चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्या मूळ यादीत वडीलधाऱ्यांची आज्ञा निमूटपणे पाळण्याचा नियम होता; भारतीय यादीत त्या जागी शिस्त आणि सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण आलं. एसटीच्या फाटक्या सीटवर बसून प्रवास करणाऱ्या कुणालाही या बदलाचं मोल कळेल. वचन घेताना ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. राज्यघटनेच्या 28 व्या कलमानुसार अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेत सामील करता येत नाही. त्यामुळे शिबिरातली प्रार्थना सर्वधर्मीयच असली पाहिजे, हे माझं ठाम मत.

‘खरी कमाई’ या स्वतः पैसे कमावण्याच्या उपक्रमात मुलं शाळेच्या पटांगणात भेळेचे, वडापावचे स्टॉल लावतात. कांदे कापण्यापासून सुटे पैसे मोजण्यापर्यंत सगळं तीच करतात. गल्ल्यात पडलेला पैसा पथकाचा असतो. वहीत तो मुलांच्याच हाताने लिहिला गेला, तर सभेपुढे हिशेब मांडणं म्हणजे काय ते त्यांना तिथेच उमगतं.

मुलांची सुरक्षितता

इथे मात्र संस्थेच्या नियमांवर विसंबून चालणार नाही. शिबिरात मुलं घरापासून दूर, मोठ्यांच्या भरवशावर राहतात. 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे. त्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. संस्थेची ‘अंतर्गत चौकशी’ हा त्याला पर्याय नाही. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिबिराच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी पालकांनी सोबत कोण शिक्षक आहेत, मुलींबरोबर महिला गाईडर (गाईड पथक चालवणाऱ्या शिक्षिका) आहेत का आणि रात्री मुक्काम कुठे आहे, हे विचारावं. मदतीसाठी चाइल्डलाइनचा क्रमांक 1098 आहे.