मध कॅनमध्ये आंबतो कशामुळे?


पुण्यातली मूनशाईन मीडरी मध, पाणी आणि यीस्ट आंबवून 'मीड' ही मधाची दारू बनवते. हेच आपल्या कॅनमध्ये नको असताना होतं! मधात यीस्ट असतंच. पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की ते वाढायला लागतं. मग फेस, आंबट वास आणि माल परत.

✅ फ्रेममधली चारपैकी तीन घरं मेणाने बंद झाल्यावरच मध काढा.
✅ कॅन कोरडा, झाकण घट्ट. मध हवेतलं पाणी ओढतो.
✅ पाणी मधाच्या रिफ्रॅक्टोमीटरवरच तपासा. द्राक्षाचा चालत नाही.
❌ आंबलेला मध चांगल्यात मिसळू नका.
❌ त्याची घरी दारूही नको. विनापरवाना तो गुन्हा आहे.

शंका असल्यास फ्रेमचा फोटो पाठवा.