पुराणांतील वंशावळी आणि वाकाटकांचे ताम्रपट

पुराणांतील वंशावळींना इतिहासाचे साधन कितपत मानावे, या प्रश्नाचे उत्तर विदर्भापुरते तरी काहीसे देता येते. पुराणांनुसार यदुकुलातील ज्यामघाचा पुत्र विदर्भ हा या देशाच्या राजवंशाचा मूळपुरुष. क्रथ व कैशिक हे त्याचे पुत्र. या पिढ्यांना समकालीन कोरीव लेखांचा आधार नाही. परंतु त्याच पुराणांच्या भविष्यकथनात विंध्यशक्तीचा पुत्र प्रवीर ६० वर्षे राज्य करील व त्याचे चार पुत्र राजे होतील, असे म्हटले आहे. हा प्रवीर म्हणजे वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन होय. रामटेकजवळील नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, येथून राज्य करणाऱ्या शाखेच्या ताम्रपटांत त्याच्या गौतमीपुत्र या एकाच पुत्राचे नाव येते. त्यामुळे चार पुत्रांचे विधान पडताळता येत नव्हते. १९३९ मध्ये वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उपलब्ध झाला आणि सर्वसेन हा आणखी एक पुत्र निश्चित झाला. उरलेल्या दोघांची नावे अद्याप अज्ञात आहेत. तात्पर्य, पौराणिक वंशावळ सरसकट स्वीकारणे किंवा त्याज्य ठरविणे ही दोन्ही टोके अशास्त्रीय होत. तिच्यातील प्रत्येक नाव कोरीव लेखांच्या कसोटीवर पारखून घेतले पाहिजे.