हिशेबाविना सरलेले दशक

दशक सरले की मागे वळून पाहण्याची रीत आता चांगलीच रुळली आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या निघतात, गाजलेल्या चित्रपटांच्या आणि खेळाडूंच्या याद्या होतात. त्याबरोबर एक जुना वादही नेमाने रंगतो. नवे दशक शून्याच्या वर्षी सुरू होते की एकच्या? इसवी सनात शून्य हे वर्षच नसल्याने काटेकोर गणित एकच्या बाजूने कौल देते, तर लोकव्यवहार शून्याच्या बाजूने.

या वादापासून दूर राहून भारताने मात्र दशक मोजण्याची स्वतःची रीत घालून घेतली होती. एकने संपणारे वर्ष आले की देशाची शिरगणती होई. २००१ आणि २०११ मध्ये फेब्रुवारी संपून १ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र हा गणनेचा क्षण ठरला होता. २०११ मध्ये बेघरांची नोंद २८ फेब्रुवारीच्या रात्री, ते जिथे झोपतात तिथे जाऊन झाली. संपूर्ण देशात एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ची. तेव्हापासून २०११ पर्यंत या परंपरेत एकदाही खंड पडला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४१ मध्येही माणसे मोजली गेली. काटछाट झाली ती केवळ माहितीच्या तक्त्यांत. हा खंड पडला तो २०२१ मध्ये.

गणनेने काय सांगितले होते?

जनगणना म्हणजे केवळ डोकी मोजणे नव्हे. आधीच्या दहा वर्षांत समाज कुठून कुठे सरकला, हे ती सांगते. २००१ ते २०११ या दशकाचेच पाहा. महाराष्ट्राची लोकसंख्या ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली. मात्र मुंबई शहर जिल्ह्याची ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर घसरली. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात त्याच काळात ३६ टक्के वाढ झाली आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. गिरणगावात टॉवर उभे राहत होते आणि चाळीतली कुटुंबे डोंबिवली, विरार, बदलापूरकडे सरकत होती. डोळ्यांना दिसणाऱ्या या स्थलांतराला आकड्याचा आधार मिळाला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्याही घटली होती.

त्याच गणनेने एक अप्रिय सत्यही समोर आणले. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण राज्यात ९१३ वरून ८९४ वर आले होते. बीड जिल्ह्यात तर ते ८९४ वरून ८०७ पर्यंत खाली गेले होते. हे आकडे प्रसिद्ध झाल्यावर गर्भलिंगनिदानाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि राज्यभर सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीच्या मोहिमा झाल्या. दशकाचा हिशेब वेळेवर झाला, म्हणून चूक दिसली आणि तिच्याविरुद्ध पावले उचलता आली.

दोन साथी, दोन दशके

शंभर वर्षांपूर्वीचे उदाहरण याहून बोलके आहे. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरातून देशात शिरली. तिने किती बळी घेतले याचा अंदाज बांधणे १९२१च्या जनगणनेमुळे शक्य झाले. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटल्याचे तिने दाखवले. लोकसंख्याशास्त्रज्ञ १९२१ला महाविभाजन वर्ष म्हणतात, ते त्यामुळेच.

नंतरच्या शतकात साथ पुन्हा आली. या वेळी मात्र तिने गणनेलाच गाठले. १ एप्रिल २०२० पासून घरयादीचे काम सुरू व्हायचे होते. करोनामुळे मार्चच्या अखेरीस ते पुढे ढकलले गेले आणि नंतरही अनेकदा लांबले. परिणामी ज्या दशकाच्या अखेरीस देशाने टाळेबंदी, मजुरांची पायपीट आणि ऑक्सिजनसाठीची धावपळ पाहिली, त्याचाच हिशेब वेळेवर मांडला गेला नाही.

जुन्या आकड्यांवर नवे जगणे

याची झळ सर्वाधिक बसते ती शिधापत्रिकेच्या रांगेतल्या माणसाला. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला स्वस्त धान्याचा हक्क दिला. हे प्रमाण प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेवर लावायचे असल्याने लाभार्थ्यांची संख्या २०११च्या आकड्यांवरच बेतली गेली. देशासाठी ती सुमारे ८१ कोटी, महाराष्ट्रासाठी सुमारे ७ कोटी. पुरवठा खात्याच्या भाषेत याला इष्टांक म्हणतात. इष्टांक भरला की नव्या कुटुंबाला, ते कितीही गरजू असले तरी, जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते.

राजकीय प्रतिनिधित्वाचेही तसेच. जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२७ जागांसाठी निवडणूक झाली, तेव्हा प्रभागांची आखणी २०११च्या लोकसंख्येवरच केलेली होती. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावांचा समावेश झाला. त्या गावांची शेवटची शिरगणती मात्र ती महापालिकेबाहेर असतानाची. ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघरची स्वतंत्र जिल्हा म्हणून गणना २०११ मध्ये होणे शक्यच नव्हते.

शहर कशाला म्हणायचे, हेही गणनाच ठरवते. किमान ५ हजार लोकवस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या तीन कसोट्यांवर उतरणारे गाव, तिथे नगरपालिका नसली तरी, जनगणनेच्या दृष्टीने शहर असते. देशात अशी ‘जनगणना शहरे’ २००१ मध्ये १,३६२ होती. २०११ मध्ये ती सुमारे ३,९०० झाली. त्यानंतरच्या काळात महामार्गांच्या कडेने किती गावे शहरे झाली आणि त्यांना पाणी, गटारे, शाळा किती लागतील, याचा अंदाज बांधायला २०११चाच पाया वापरावा लागला.

अन्य पाहण्या नव्हत्या, असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ दरम्यान झाली आणि तिने जिल्हावार माहिती दिली. पण नमुना पाहणी निवडक कुटुंबांकडे जाते. एखाद्या प्रभागात किंवा वाडीत नेमकी किती माणसे राहतात, हे दारोदार गेल्याशिवाय कळत नाही. शिवाय नमुना निवडण्यासाठी लागणारी चौकटही जनगणनाच पुरवते. चौकट जुनी झाली की पाहण्यांच्या अचूकतेवरही प्रश्न उभे राहतात.

नव्या दशकाकडे

केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी अधिसूचना काढून १ मार्च २०२७ ही नव्या जनगणनेची संदर्भ तारीख ठरवली. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडमधील हिमाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. त्याआधी घरयादीचा टप्पा, माहितीची डिजिटल नोंद, नागरिकांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय आणि १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद, अशी या गणनेची आखणी आहे. २०२३च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांतील महिला आरक्षणाची सांगडही जनगणनेनंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी घातली होती. त्यामुळे या आकड्यांवर धान्यापासून संसदेपर्यंत बरेच काही अवलंबून आहे.

तरीही एक उणीव राहीलच. ‘दशवार्षिक वाढ’ हा जनगणनेचा परवलीचा शब्द. या वेळी दोन गणनांमधले अंतर दहा नव्हे, सोळा वर्षांचे आहे. साथीपूर्वीची वाटचाल कुठे थांबली आणि नंतरची कुठे सुरू झाली, हे एका बेरजेतून वेगळे काढणे अभ्यासकांना अवघड जाईल. स्थलांतर, साक्षरता, मुलींचे प्रमाण अशा प्रत्येक बाबतीत ही गाठ सोडवावी लागेल.

नागरिकांच्या हाती आहे ते एवढेच, की प्रगणक दारी येईल तेव्हा माहिती पूर्ण आणि खरी द्यावी. प्रगणक म्हणून येणारी व्यक्ती बहुधा शिक्षक किंवा सरकारी कर्मचारी असते. १९४८च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक माहितीला गोपनीयतेचे संरक्षण दिले आहे. ही नोंद न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. मात्र भाड्याच्या खोलीत राहणारा तरुण, बांधकामावरचे बिऱ्हाड, गावी आणि शहरात दोन्हीकडे घर असलेले आजी-आजोबा, असेच लोक नोंदीतून निसटण्याचा धोका अधिक असतो. शेजारच्या खोलीतली माणसे मोजली गेली की नाही, याची चौकशी करायला प्रत्येकाला हरकत नसावी. ज्यांचे नाव या खेपेला राहील, त्यांना पुढच्या गणनेपर्यंत सरकारी हिशेबात जागा मिळणार नाही.