विश्लेषण : मल्लखांब, जिम्नॅस्टिक खेळणाऱ्या मुली अर्ध्या ताटावरून का उठतात? 'परफेक्शन'चा ध्यास आजार कधी बनतो?

मल्लखांब, जिम्नॅस्टिक, योगासन या खेळांत निकाल घड्याळ किंवा टेप देत नाही. पंच अवघडपणासोबत सफाईही पाहतात. मल्लखांब आणि योगासन २०२२ मध्ये पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतही खेळवले गेले. स्पर्धा वाढली की चुकीची भीतीही वाढते, आणि काही मुलांच्या बाबतीत ती ताटापर्यंत पोहोचते.

गुण नेमके कशाचे कापतात?
कलात्मक जिम्नॅस्टिकमध्ये सादरीकरणाचे गुण १० पासून सुरू होतात. छोट्या चुकीला ०.१, मध्यम चुकीला ०.३, मोठ्या चुकीला ०.५ आणि पडल्यास १ गुण वजा होतो. शरीराच्या वजनासाठी एकही गुण कापला जात नाही. तरीही 'बारीक दिसलं तरच छान' हा समज टिकून आहे. रोज स्वतःच्या चुका शोधणारी नजर मग आरशातही चुका शोधू लागते.

आवड आणि झपाटलेपण यात फरक काय?
कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आवडीचे दोन प्रकार मांडले. पहिल्यात खेळ आयुष्याचा एक भाग असतो. दुखापत झाली तर खेळाडू थांबू शकतो. दुसऱ्यात थांबणेच जमत नाही, सुटीच्या दिवशीही अपराधी वाटते. परिपूर्णतेचेही तसेच. मोठे ध्येय ठेवणे वेगळे आणि प्रत्येक चुकीची स्वतःला शिक्षा देणे वेगळे. अडचण ही, की सरावात दोघीही सारख्याच 'मेहनती' दिसतात आणि दोघींनाही शाबासकी मिळते.

शरीरावर काय परिणाम होतो?
आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला 'रेड-एस' हे नाव दिले. सरावात खर्च होणारी ऊर्जा जेवणातून भरून निघाली नाही, की शरीर काटकसर करते. पाळी लांबते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात, दुखापत लवकर बरी होत नाही. वजन ठीक दिसत असतानाही हे घडू शकते, मुलग्यांमध्येही.

अमेरिकेची जिम्नॅस्ट क्रिस्टी हेन्रिच हिला एका पंचाने वजन कमी करायला सांगितले होते. १९९४ मध्ये ॲनोरेक्सियामुळे तिचा मृत्यू झाला. ती २२ वर्षांची होती.

गावात हे लक्षात का येत नाही?
परंडा तालुक्यातील भैरवनाथाच्या सोनारीसारख्या गावात उपवास नवे नाहीत. 'आज माझा उपवास आहे' म्हटले की कोणी पुढे विचारत नाही. क्रीडा आहारतज्ज्ञही हाकेच्या अंतरावर नसतो. त्यामुळे पहिली नजर घरच्यांची आणि क्रीडाशिक्षकांचीच.

काय करावे?
- अचानक वाढलेले उपवास, एकटीने जेवणे, जेवल्यावर जादा व्यायाम याकडे लक्ष द्या.
- पाळी थांबणे हे मेहनतीचे लक्षण नाही. सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवा.
- सर्वांसमोर वजन करू नका, शरीरावर शेरे मारू नका.
- सरावाआधी आणि नंतर खाणे चुकवू देऊ नका. भाकरी, डाळ, दही, अंडी, शेंगदाणे, गूळ हे घरातलेच अन्न उपयोगी आहे.
- रागावू नका. 'जेव' म्हणण्याआधी 'कशाची भीती वाटते?' हे विचारा.

मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो.