झारची सवलत आणि कुळांची जमीन
मार्च उजाडला की आनंदी देशांची यादी येते, 2018पासूनच्या रिवाजानं फिनलंड पहिला येतो आणि सौना, शाळा, तळी यांवरच्या लेखांचा पूर येतो. या देशाकडे पैसा आला कुठून, हे मात्र त्यांत कुणी विचारत नाही. 1866 ते 1868च्या दुष्काळात तिथे सुमारे आठ टक्के लोक मेले, म्हणजे दर बारा माणसांमागे एक. तिथून हा देश वर कसा आला, यावर फिनिश माणसाच्या चिवटपणाचं उत्तर ठरलेलं असतं. मला ते पटत नाही. मेलेलेही चिवटच होते.

माझ्या मते खरी गोष्ट जकातीपासून सुरू होते. 1809मध्ये रशियानं हा मुलूख स्वीडनकडून जिंकला, पण साम्राज्यात विरघळवला नाही. त्याचा कारभार आणि जकात वेगळी ठेवली. 1820मध्ये जेम्स फिन्लेसन हा स्कॉटिश यंत्रकार सेंट पीटर्सबर्गहून फिनलंडमधल्या टाम्पेरेला आला. तिथे दोन तळ्यांच्या पातळीत 18 मीटरचा फरक आहे, म्हणजे यंत्रं फिरवायला फुकटचं पाणी. पुढच्याच वर्षी झार पहिला अलेक्झांडर यानं टाम्पेरेला यंत्रं आणि कच्चा माल बिनजकात आणायची मुभा दिली. ती 1905पर्यंत टिकली! फिन्लेसनचं स्वतःचं बस्तान काही नीट बसलं नाही. 1836मध्ये त्यानं कारखाना पीटर्सबर्गच्या भांडवलदारांना विकला आणि सूतगिरणी फोफावली ती त्यांच्या हाताखाली. 1882च्या मार्चमध्ये तिथल्या विणकाम-विभागात विजेचे दिवे लागले.

या गिरणीतल्या एका कामगाराची मुलगी मिन्ना कांत. जन्म 1844, टाम्पेरेचाच. गिरणीच्याच शाळेत ती शिकली आणि पुढे लेखिका झाली. 1885च्या तिच्या नाटकात एका कामगाराच्या बायकोचे पैसे नवरा दारूत उडवतो आणि कायदा त्याच्याच बाजूनं उभा राहतो. गिरणीत राबणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या, हे लक्षात घेतलं की नाटकाची धार कळते. आज 19 मार्चला तिच्या नावानं फिनलंडमध्ये झेंडे लागतात. आंतरराष्ट्रीय आनंद दिन त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्या पुरवण्यांना दुसराच दिवस तेवढा दिसतो.

मोठा पैसा मात्र कापसाचा नव्हे, लाकडाचा. जंगल संपेल या धास्तीनं सरकारनं लाकूड कापण्यावर मर्यादा घातल्या होत्या. 1857मध्ये वाफेवरच्या करवतींना परवानगी मिळाली, 1861मध्ये मर्यादाही उठल्या. फळ्या ब्रिटनला जाऊ लागल्या, कागद रशियाला. 1865मध्ये फ्रेडरिक इडेस्टामनं टाम्पेरेत लाकडाच्या लगद्याची गिरणी काढली. तिचाच पुढचा अवतार म्हणजे नोकिया. त्यातही महत्त्वाचं म्हणजे जंगलाचा मोठा हिस्सा शेतकऱ्यांच्या मालकीचा होता. झाडं विकली की पैसा थेट खेड्यात यायचा.

अर्थात, ज्याच्या नावावर जमीन त्याच्याच घरात. आपल्याकडच्या कुळांसारखे जमीनदाराच्या शेतावर राबून खंड फेडणारे आणि अजिबात जमीन नसलेले लाखो लोक या भरभराटीच्या कडेला नुसते उभे होते. 1918च्या यादवीत त्यांतले कितीतरी लाल, म्हणजे समाजवाद्यांच्या, फौजेत गेले. टाम्पेरे हा लालांचा बालेकिल्ला. तो एप्रिलमध्ये पडला. त्यानंतर सूड घेतला गेला आणि कैद्यांच्या छावण्यांत उपासमारही झाली. पण त्याच ऑक्टोबरात जिंकलेल्या बाजूनं कायदा करून कुळांना कसती जमीन विकत घेण्याचा हक्क दिला आणि 1922मध्ये भूमिहीनांनाही जमीन मिळण्याची वाट मोकळी केली.